वॉरंटी शिल्लक, मुदत संपलेली: सदोष गाडीसाठी ग्राहक आयोगात दाद कशी आणि कधीपर्यंत मागायची

गाडी नवी आहे, वॉरंटीत आहे, मग कसली काळजी, असं बहुतेकांना वाटतं. सर्व्हिस सेंटरवालेही तेच सांगतात: "साहेब, वॉरंटी आहे ना, कधीही आणा." या 'कधीही'वर विसंबून पुष्कळांनी आपली केस घालवली आहे. कंपनीची वॉरंटी आणि ग्राहक कायद्यातली तक्रारीची मुदत ही दोन वेगळी घड्याळं आहेत. पहिलं गाडीच्या डिलिव्हरीपासून चालू होतं आणि कंपनी ते तीन, पाच, कधी आठ वर्षंही चालवते. दुसरं चालू होतं ते तक्रारीचं कारण घडल्यापासून, आणि ते दोनच वर्षं चालतं.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ (तो जुलै २०२० पासून लागू झाला) याचं कलम ६९ सांगतं की तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली नाही, तर आयोगाने ती स्वीकारूच नये. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण द्यावं लागतं आणि माफी का दिली हे आयोगाला लेखी नोंदवावं लागतं. स्टेट बँकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली स्पष्ट केलं की समोरच्या पक्षाने मुदतीचा मुद्दा काढला नसला, तरी तो आधी तपासणं हे ग्राहक मंचाचं (म्हणजे आताच्या ग्राहक आयोगाचं) काम आहे. तो निकाल जुन्या कायद्यावरचा असला तरी नव्या कायद्यातली तरतूद तशीच आहे.

एक उदाहरण घेऊ. तारखा कल्पित आहेत, हिशेब खरा.

गाडीची डिलिव्हरी १२ मार्च २०२४. वॉरंटी तीन वर्षं किंवा १ लाख किलोमीटर. दुसरा गिअर टाकताना धक्का बसतो ही तक्रार पहिल्यांदा जॉब कार्डवर (गाडी घेताना सर्व्हिस सेंटर तक्रार नोंदवतं तो कागद) आली ५ ऑगस्ट २०२४ ला. त्यानंतर गाडी त्याच तक्रारीसाठी आणखी तीनदा गेली. २० जानेवारी २०२५ ला कंपनीने ईमेलने कळवलं की हे या मॉडेलचं वैशिष्ट्य आहे, दोष नाही.

आता दोन वर्षं कुठून मोजायची? ग्राहकाचा वकील म्हणेल, कंपनीने नकार दिला तेव्हा कारण घडलं, म्हणून मुदत २० जानेवारी २०२७ पर्यंत. कंपनीचा वकील म्हणेल, दोष ५ ऑगस्ट २०२४ ला कळला होता, म्हणून मुदत ५ ऑगस्ट २०२६ ला संपली. दोन्ही बाजूंना युक्तिवादाला जागा आहे. पण हे लक्षात घ्या: कंपनीचा हिशेब मान्य झाला, तर वॉरंटीचे सात महिने शिल्लक असताना तक्रारीचा हक्क संपतो. वाढीव वॉरंटी घेतलेली असेल तर हा घोळ आणखी वाढतो, कारण मालक २०२९ पर्यंत निर्धास्त राहतो.

म्हणून माझा नियम साधा आहे: कागदावर सापडणाऱ्या सर्वांत जुन्या तारखेपासून दोन वर्षं मोजा आणि त्याच्या आत तक्रार दाखल करा. "कारण अजून चालूच आहे", "प्रत्येक दुरुस्तीनंतर मुदत नव्याने सुरू होते" हे मुद्दे उशीर झालाच तर मांडायला ठेवा. त्यांच्या भरवशावर मुद्दाम उशीर करू नका. नोटिसा पाठवत राहिल्याने किंवा ईमेलची उत्तरं येत राहिल्याने मुदत वाढत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली तरी घड्याळ थांबत नाही.

जॉब कार्ड: केस इथेच उभी राहते किंवा पडते

आयोगासमोर तुमची गाडी येत नाही, कागद येतात. त्या कागदांत सर्वांत मोलाचं जॉब कार्ड, आणि नेमक्या त्याच कागदाकडे आपण कमी लक्ष देतो. सकाळी ऑफिसच्या घाईत गाडी लावायची, सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला तोंडी सांगायचं, तो टॅबवर काहीतरी टाइप करतो, आपण सही करून निघतो. त्याने लिहिलेलं असतं 'जनरल चेकअप' किंवा 'कस्टमर फीलिंग नॉइज'. दोन वर्षांनी कंपनीचा वकील तोच कागद दाखवून म्हणतो की गिअरबॉक्सची तक्रार या ग्राहकाने कधी केलीच नव्हती.

तेव्हा गाडी देताना तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. मराठीत लिहिली तरी चालते. नमुना असा:

"दुसरा गिअर टाकताना जोराचा धक्का बसतो. चढावर गाडी खेचत नाही. याच तक्रारीसाठी गाडी तिसऱ्यांदा आणली आहे. आधीच्या जॉब कार्डचे क्रमांक सोबत. गाडीचं रनिंग ८,४१२ कि.मी."

अ‍ॅडव्हायझर लिहायला तयार नसेल, तर वाद घालत बसू नका. तिथूनच सर्व्हिस सेंटरच्या आणि कंपनीच्या ग्राहक सेवा पत्त्यावर हाच मजकूर ईमेल करा, जॉब कार्डचा फोटो जोडा आणि "माझी तक्रार जॉब कार्डवर नोंदवलेली नाही" हे वाक्य घाला. ईमेलला तारीख आणि वेळ आपोआप मिळते. फोनवरच्या आश्वासनांचंही तसंच करा: फोन ठेवल्यावर दोन ओळींचा ईमेल, "आपण आता फोनवर सांगितलंत की…".

गाडी परत घेतानाही तितकंच सावध राहा. काय काम केलं, कोणता भाग बदलला, सॉफ्टवेअर अपडेट केलं का, हे लिहिलेलं बिल घ्या, रक्कम शून्य असली तरी. वॉरंटीत काम झालं की बिलच दिलं जात नाही, असं अनेकदा होतं. मागा. समाधानपत्रावर सही मागितली तर ट्रायल घेतल्याशिवाय करू नका. ट्रायलमध्ये दोष तसाच असेल तर सहीच्या वर लिहा: "दोष कायम आहे, हक्क राखून गाडी ताब्यात घेत आहे." हे वाक्य लिहिताना समोरच्याचा चेहरा पडतो, पडू द्या.

गाडी किती दिवस सर्व्हिस सेंटरला होती, त्याची वेगळी तारीखवार यादी ठेवा. टोइंगच्या पावत्या, त्या काळातल्या रिक्षा-टॅक्सीच्या पावत्या, रोडसाइड असिस्टन्सचे मेसेज, डॅशबोर्डवर पेटलेल्या दिव्याचे फोटो, आवाजाचे व्हिडिओ, सगळं जपा. व्हिडिओत किलोमीटरचा आकडा दिसेल असं बघा. मोबाइलमधला पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडलेलं बरं. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५ ब ची जागा त्याने घेतली आहे. ग्राहक आयोग पुराव्याच्या कायद्याला दिवाणी कोर्टाइतकं चिकटून नसतात, पण आक्षेपाला जागा कशाला ठेवायची?

तुमचा दोष वॉरंटीत बसतो का

वॉरंटीचं पुस्तक डिक्कीतून काढा आणि 'काय समाविष्ट नाही' हे पान आधी वाचा. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर असे झिजणारे भाग बहुतेक ठिकाणी वगळलेले असतात. टायर आणि बॅटरी यांची वॉरंटी अनेकदा त्या-त्या उत्पादकाची असते. पावसाळ्यात पाण्यात गाडी घातली आणि इंजिन लॉक झालं, किंवा उंदराने वायरिंग कुरतडलं, तर तो विम्याचा विषय आहे, वॉरंटीचा नाही. मुंबई-ठाण्यात दर जुलैला हा वाद नव्याने होतो.

कंपनीचे दोन आवडते बचाव आहेत. एक, सर्व्हिस वेळेवर केली नाही. दोन, बाहेरून काहीतरी बसवलं: सीएनजी किट, म्युझिक सिस्टिम, हेडलाइट. पहिल्यासाठी सर्व्हिसच्या पावत्या क्रमाने लावून ठेवा. दुसऱ्याला उत्तर असं की बसवलेल्या वस्तूचा आणि दोषाचा संबंध काय, हे कंपनीने सांगावं. बाहेरचा स्पीकर बसवला म्हणून स्टिअरिंग रॅक खराब होत नाही. वायरिंग कापलेलं असेल आणि दोषही इलेक्ट्रिकल असेल, तर मात्र बाजू लंगडी पडते.

पूर्ण गाडी बदलून मिळेल का? खरं सांगायचं तर…

बहुतेकांची पहिली मागणी नवी गाडी ही असते, आणि बहुतेकांना ती मिळत नाही. अमेरिकेतल्या राज्यांप्रमाणे 'इतक्या वेळा दुरुस्ती फसली की गाडी बदला' असा ठरावीक आकड्याचा कायदा आपल्याकडे नाही. तिकडे राहणाऱ्या नातेवाइकाने सांगितलेला नियम इथे लागू करू नका.

२००६ साली मारुती उद्योगच्या एका खटल्यात क्लचच्या दोषावरून वाद होता. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वॉरंटीचं कलम सदोष भाग दुरुस्त करण्याचं किंवा बदलण्याचं बंधन घालतं, पूर्ण गाडी बदलण्याचं नाही. गाडी बदलण्याचा आदेश रद्द झाला आणि ग्राहकाला भाग बदलून व रोख भरपाई मिळाली. कंपन्यांचे वकील हा निकाल आजही हमखास पुढे करतात. २०१० मध्ये फियाट इंडियाच्या प्रकरणात न्यायालयाने स्वतंत्र तांत्रिक तज्ज्ञाकडून गाडी तपासायला सांगितली आणि मूळ उत्पादनातलाच दोष आढळला तर पैसे व्याजासह परत, अशी दिशा दिली. म्हणजे सगळा भार 'उत्पादनातला दोष' सिद्ध होण्यावर.

सुरक्षेचा प्रश्न आला की चित्र पालटतं. ह्युंदाईच्या क्रेटा गाडीत २०१७ साली अपघातावेळी एअरबॅग उघडल्या नाहीत. कंपनीने धडकेचा जोर पुरेसा नव्हता असा बचाव घेतला. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला आणि म्हटलं की वेग आणि बल यांचं गणित मांडण्याइतका ग्राहक भौतिकशास्त्राचा जाणकार असावा अशी अपेक्षा नाही. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, आग यांतलं काही तुमच्या प्रकरणात असेल, तर ते तक्रारीच्या पहिल्या पानावर आणा.

तज्ज्ञाचा अहवाल कुठून आणायचा? कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे, तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. अहवालासाठी ४५ दिवसांची मुदत आहे आणि आधी फी तक्रारदाराला भरावी लागते. पुण्यातली एआरएआय ही वाहन संशोधन संस्था, सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ऑटोमोबाइल किंवा मेकॅनिकल विभाग, अशी नावं तुम्हीच अर्जात सुचवा. हा अर्ज तक्रारीबरोबरच द्या. गाडी दोन वर्षं धूळ खात पडल्यावर केलेल्या तपासणीत मूळ दोष आणि पडून राहिल्याने झालेला बिघाड यांची सरमिसळ होते. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याचं पत्र फार वजनाचं ठरत नाही, आणि त्याने वॉरंटीतली गाडी उघडली तर उलट कंपनीच्या हातात कोलीत.

एक दोष चार-पाच जॉब कार्डांवर त्याच शब्दांत असेल, कंपनीने तोच भाग दोन-तीनदा बदलला असेल, तर तज्ज्ञाच्या अहवालाशिवायही बाजू भक्कम होते. म्हणून आधी जॉब कार्डावर इतका वेळ घालवला.

कुणाकुणाला पक्षकार करायचं

उत्पादक कंपनी, गाडी विकणारा डीलर, दुरुस्ती करणारं सर्व्हिस सेंटर (वेगळं असेल तर) आणि वाढीव वॉरंटी देणारी संस्था. वाढीव वॉरंटीचं प्रमाणपत्र नीट वाचा. ती कधी उत्पादकाची असते, कधी तिसऱ्याच कंपनीची.

डीलर आणि उत्पादक यांची जबाबदारी आपोआप एक होत नाही. गोव्यातलं एक प्रकरण इथे फार उपयोगी आहे. २०११ साली ग्राहकाला विकलेली टाटाची गाडी प्रत्यक्षात २००९ ची निघाली आणि ती आधीच ६२२ किलोमीटर चाललेली होती. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला जबाबदारीतून मोकळं केलं. कारण कंपनी आणि डीलर यांचा करार दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांमधला होता आणि डीलरच्या या कृत्याची कंपनीला माहिती होती, असा पुरावा नव्हता. तक्रारीत प्रत्येकाविरुद्ध वेगळा परिच्छेद लिहा: उत्पादनाचा दोष कंपनीचा, चुकीची विक्री डीलरची, निष्काळजी दुरुस्ती सर्व्हिस सेंटरची. 'सर्व विरुद्ध पक्ष संगनमताने' एवढ्या एका ओळीवर भागवू नका. आणि हो, आरसीवर उत्पादनाचा महिना-वर्ष छापलेला असतो. डिलिव्हरीच्या आठवड्यातच तो बघा.

तुम्ही 'ग्राहक' आहात का

व्यापारी कारणासाठी घेतलेल्या गाडीला हा कायदा लागू होत नाही. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेली रिक्षा, टॅक्सी किंवा टेम्पो यात येतो. तक्रारीत "माझ्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून" हे शब्द स्पष्ट यायलाच हवेत. पाच टेम्पो आणि पगारी चालक असतील तर दिवाणी न्यायालयाचा रस्ता. कंपनीच्या नावावर पण संचालकाच्या खासगी वापरासाठी घेतलेल्या गाडीबद्दल जुलै २०२४ मध्ये डेमलर क्रायस्लरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूने कौल दिला.

नोटीस

ग्राहक आयोगात जाण्याआधी नोटीस देणं कायद्याने सक्तीचं नाही. तरी द्या, कारण तिच्या उत्तरात कंपनी आपली बाजू उघड करते. वकिलाच्या लेटरहेडचीही गरज नाही. कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला आणि डीलरला स्पीड पोस्टने आणि ईमेलने पाठवा. पंधरा दिवस द्या, महिनोन्‌महिने नकोत. मजकूर एका पानात बसवा:

"मी दि. … रोजी आपल्या … या डीलरकडून गाडी (चासी क्र. …, इंजिन क्र. …) रु. … ला घेतली. दि. … पासून गाडीत … हा दोष आहे. यासाठी गाडी दि. …, … व … रोजी दुरुस्तीला दिली, जॉब कार्डच्या प्रती सोबत आहेत. एकूण … दिवस गाडी आपल्याकडे होती. दोष कायम आहे. पंधरा दिवसांत दोष कायमचा दूर करावा, ते शक्य नसल्यास गाडी बदलून द्यावी किंवा किंमत व्याजासह परत करावी. अन्यथा ग्राहक आयोगात तक्रार करीन, त्याचा खर्च आपल्यावर राहील."

त्याच सुमारास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. फुकट आहे आणि मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत कधीकधी तिथेच मिटतं. मार्गदर्शन हवं असेल तर मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था आहेत.

तक्रार दाखल करताना

कुठल्या आयोगाकडे जायचं हे तुम्ही मोजलेल्या किमतीवरून ठरतं, मागितलेल्या भरपाईवरून नाही. डिसेंबर २०२१ च्या नियमांनुसार ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, ५० लाख ते २ कोटी राज्य आयोग, त्यावर राष्ट्रीय आयोग. ही पद्धत घटनेला धरून आहे का, हा प्रश्न आग लागलेल्या एका गाडीच्या प्रकरणातूनच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने ती वैध ठरवली. थोडक्यात, तुमच्या-आमच्या जवळजवळ सगळ्या गाड्या जिल्हा आयोगातच येतात.

जिल्हा कोणता? २०१९ च्या कायद्याने मोठी सोय केली: तक्रारदार राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तिथेही तक्रार करता येते. गाडी पुण्यात घेतली आणि तुम्ही रत्नागिरीत राहत असाल, तर रत्नागिरीचा आयोग. गोव्यात उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हा आयोग आहेत.

फी नाममात्र: ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. ऑनलाइन दाखल करायला आधी ई-दाखिल पोर्टल होतं, १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती आलं. शेवटच्या दिवशी अपलोड करायला बसू नका. स्कॅन केलेल्या फाइलींनी ऐन वेळी दगा देणं ही नित्याची गोष्ट आहे. वकील सक्तीचा नाही, स्वतः बाजू मांडता येते. पण पूर्ण किंमत परत मागत असाल आणि समोर मोठी कंपनी असेल, तर उलटतपासणीच्या प्रश्नावल्या आणि तज्ज्ञ-अहवालाच्या टप्प्यावर चांगला वकील असलेला बरा.

तक्रारीत घटना तारखेच्या क्रमाने लिहा, विशेषणं कमी ठेवा. 'तक्रारीचं कारण कधी घडलं आणि तक्रार मुदतीत कशी आहे' असा स्वतंत्र परिच्छेद हवाच. त्यात पहिलं जॉब कार्ड, शेवटची फसलेली दुरुस्ती आणि कंपनीचा नकार, तिन्ही तारखा द्या. दोन वर्षं उलटून गेली असतील तर उशीर माफीचा वेगळा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र जोडा, आणि त्यात उशिराचा टप्प्याटप्प्याने हिशेब द्या. "कंपनी आश्वासनं देत होती" एवढंच लिहून भागत नाही. ते ईमेल जोडावे लागतात.

मागणी उतरत्या क्रमाने लिहा: आधी गाडी बदलणं, नाहीतर किंमत व्याजासह परत, नाहीतर सदोष भाग पूर्ण बदलून त्यावर नव्याने वॉरंटी. शिवाय प्रवासखर्च, मनस्ताप, तक्रारीचा खर्च. फक्त 'नवी गाडी' एवढंच मागितलं आणि उत्पादनातला दोष सिद्ध झाला नाही, तर तक्रार पूर्ण फेटाळली जाण्याचा धोका असतो. पर्यायी मागण्या त्यासाठी.

एक बारकावा वकीलही कधी चुकतात. नव्या कायद्यातलं 'उत्पादन दायित्व' हे प्रकरण वाचून लोक त्याखाली गाडीची किंमत मागतात. पण त्या प्रकरणासाठी 'हानी'ची जी व्याख्या आहे, त्यातून खुद्द वस्तूचं नुकसान वगळलेलं आहे. गाडीच्या दोषामुळे कुणी जखमी झालं, दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर ते प्रकरण कामाचं. खुद्द गाडी सदोष असेल तर 'वस्तूतील दोष' आणि 'सेवेतील त्रुटी' या शब्दांनीच मागा.

खटला चालू असताना

तक्रार स्वीकारायची की नाही हे साधारणपणे २१ दिवसांत ठरायला हवं. न ठरल्यास ती स्वीकारली असं कायदा मानतो. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस, जास्तीत जास्त आणखी १५. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये सांगितलं की ४५ दिवसांपलीकडे एकही दिवस वाढवता येत नाही. नोटीस पोचल्याचा पुरावा काढून ठेवा आणि ४६ व्या दिवशी उत्तर आलं तर हरकत घ्या. हे हत्यार ग्राहकाच्या हातातलं आहे, पण फार थोडे वापरतात. कायद्यात निकालासाठी तीन महिने, आणि तपासणी लागली तर पाच महिने असं उद्दिष्ट आहे. प्रत्यक्षात वर्षं लागतात, मनाची तयारी ठेवा. मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर लगेच झिडकारू नका. कंपनीकडून गाडी परत विकत घेण्याचा किंवा वॉरंटी वाढवण्याचा बरा देकार तिथेच येतो.

या काळात तीन गोष्टी पाळा. कर्जाचे हप्ते थांबवू नका; बँकेचा या भांडणाशी संबंध नाही आणि सिबिल तुमचाच खराब होईल. आयोगाच्या परवानगीशिवाय गाडी विकू नका. खटला चालू असताना गाडी विकल्यावर तक्रारदार ग्राहक राहत नाही, असे राष्ट्रीय आयोगाचे निकाल आहेत. आणि गाडी सर्व्हिस सेंटरमध्ये सोडून आला असाल तर पार्किंगच्या भाड्याची मागणी येणार हे धरून चाला. कलम ३८ खाली अंतरिम आदेशाचा अर्ज करून ती थांबवायला सांगता येतं.

सुरक्षेचा दोष अनेक गाड्यांत असेल तर आणखी एक दार आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११० अ खाली केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत मागवायला लावू शकतं. १ एप्रिल २०२१ पासून हे लागू आहे. कंपनीने स्वतःहून रिकॉल काढला असेल तर तिच्या वेबसाइटवर चासी क्रमांक टाकून बघा. तुमची गाडी त्या यादीत निघाली, तर ते पान छापून तक्रारीला जोडा. कंपनीने स्वतःच मान्य केलेल्या दोषासाठी वेगळा तज्ज्ञ शोधायची वेळ सहसा येत नाही.

निकालानंतरच्या मुदती

जिल्हा आयोगाच्या निकालावर राज्य आयोगाकडे अपील ४५ दिवसांत. महाराष्ट्राचा राज्य आयोग मुंबईत आहे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला खंडपीठं आहेत. कंपनीने अपील केलं तर आदेशातल्या रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. ती भरली का, हे पहिल्याच तारखेला तपासा. राज्य आयोगाने मूळ तक्रारीत दिलेल्या निकालावर राष्ट्रीय आयोगाकडे जायला ३० दिवस आहेत. निकालाची प्रत हातात आली की तिच्यावरची तारीख आणि मिळाल्याची तारीख, दोन्ही लिहून ठेवा.

अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, असं झालं तर अंमलबजावणीचा अर्ज करायचा. कलम ७१ खाली दिवाणी हुकूमनाम्यासारखी वसुली होते. कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. दोन्ही अर्ज एकाच वेळी करता येतात. कलम ७२ ची नोटीस कंपनीच्या जबाबदार अधिकाऱ्याच्या नावाने निघाली की इतके दिवस अडकलेला धनादेश बऱ्याचदा पुढच्या तारखेच्या आत येतो.